आईचा दुरंटा

आईच्या बेसण्याच्या, म्हणजे शोकसभेच्या, दिवशी सकाळी बाबांनी तिचं झाड मुळासकट उपटून टाकलं.

आज वर्ष झालं. खरं तर लिहिणार नव्हते. पण आज जे कळलं ते पोटात ठेवणं मला जमणार नाही.

निजामपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत दुरंटा घरोघरी आहे. पण बाकीच्यांचा कातरून एकदम फ्लॅट केलेला, हिरवं कुंपण म्हणून.

आईने कधी कात्री लावू दिली नाही. म्हणून आमच्याकडे जांभळ्या फुलांचे झुबके यायचे, आणि मग थंडीत नारिंगी फळांचे घोस. बुलबुलांची चंगळ.

शेजारच्या गुजराती काकांना सगळ्यांचं कुंपण एकसारखं हवं. दर दिवाळीला म्हणायचे, "बेन, आ कपावी नाखो ने. बधानी वाड सरखी लागे."

आई हसायची. "कापीए तो फळ क्यांथी आवे, भाई?"

ही फळं माणसाला विषारी. म्हणून ती झाडावर असेपर्यंत आई दुपारची झोप सोडून ओट्यावर बसायची. मटार सोलत, एक डोळा खेळणाऱ्या पोरांवर.

"बघायचं. तोंडात नाही घालायचं. बुलबुलाला पचतं, तुला नाही पचणार."

लहानपणी मला हेच. नंतर माझ्या मिहूलाही हेच, आणि मिहू तेव्हा नुसती रांगत होती!

आजारपणात मी तिला म्हटलं, "झाडाची काळजी करू नकोस. मी आहे ना."

"हो गं मनू. तुझंच आहे ते आता."

माझा हात धरून म्हणाली.

आणि बेसण्याला पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमायच्या आत तिथे नुसता खड्डा. अंगणभर फळं सांडलेली.

बाबा म्हणाले, "मंडपाला जागा हवी होती."

साफ खोटं. मंडप तर समोर कॉमन प्लॉटवर होता.

वर्षभर मी बाबांशी धड बोलले नाही. मिहूला त्यांच्याकडे सोडायचं, गोळी घेतली का विचारायचं, निघायचं. वर टोमणे. जन्मभर रिफायनरीच्या शिफ्ट केल्या, बायकोने दारात काय वाढवलं ते कधी पाहिलंत का, असं तोंडावर बोलले मी त्यांना.



आज सकाळी मी नर्सरीतून नवा दुरंटा आणला. त्याच जागी लावायला बसले, तर बाबांनी हातातलं खुरपं काढून घेतलं.

"नको लावूस. तुझ्या आईनेच काढायला सांगितलं होतं."

"कधी?"

"दवाखान्यात. म्हणाली, पुढच्या वर्षी मिहू पळायला लागेल. मनू ऑफिसात, तुमचे डोळे अधू. ओट्यावर कोण बसणार? छाटलंत तर परत फुटेल, मुळासकट काढा. आणि मनूला सांगू नका. तिला वाटेल, माझा तिच्यावर भरवसा नव्हता."

नव्हताच ना, आई?

तोंडावर "तुझंच आहे" म्हणालीस आणि मागून बाबांच्या हातात पहार दिलीस.

मला सांगायचंस. भांडले असते, रडले असते, आणि मग माझ्या हातांनी काढलं असतं. माझ्या लेकीच्या जिवापुढे झाड काय गं? एवढंही ओळखलं नाहीस मला?

बाबांना मिठी मारली. त्यांच्याशी मिटलं.

तुझ्याशी भांडायला मात्र तू नाहीस.

श्रद्धांजली, आई. रागासकट घे.