गिनीपिगची अंगारकी

"सोड त्याला! सोड म्हणते ना! अंगारकी आहे आज त्याची!"

सासूबाई देवघरातून अशा काही ओरडल्या की समोरच्या इमारतीतला कुत्रा गाडीखाली जाऊन बसला आणि माझ्या एका हातातलं गाजर खाली पडलं. दुसऱ्या हातात गिनीपिग होता. तो पडला नाही. कालपासून तो इतका शांत झाला होता की पडण्याइतकासुद्धा उत्साह त्याच्यात उरला नव्हता.

"कुणाची अंगारकी?" मी विचारलं.

"त्याची! काल श्रावणी सोमवार पाळला, आज अंगारकी धरलीय. कालपासून काडी नाही खाल्ली बिचाऱ्याने. आणि तू गाजर कोंबतेस? उपासाला गाजर?"

उपासाला गाजर चालतं की नाही, यावरून सासूबाईंच्या भजनी मंडळात दोन तट पडलेले आहेत. एका तटाने टाळ धरला की दुसरा मुद्दाम ताल चुकवतो. त्यामुळे मी गाजराच्या वादात न पडता त्या तपस्व्याला परत पिंजऱ्यात ठेवलं.

आता हा प्राणी आमच्याकडे आला कसा, तर लेकीमुळे. ती पुण्याला शिकायला गेली आणि जाताना म्हणाली, "आई, होस्टेलचं नक्की होईपर्यंत पंधरा दिवस सांभाळ." होस्टेलचं नक्की झालं, तिचं पहिलं वर्ष झालं, दुसरं झालं, ते पंधरा दिवस काही संपले नाहीत. दिसायला म्हणाल तर ना मान, ना शेपूट. केसाळ चपलेला डोळे फुटावेत तसा. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "या घरात एक तर हा उंदीर राहील, नाहीतर मी." दोघेही राहिले. मला कुणी विचारलं नाही.

त्यांचं जुळलं ते दूर्वांवरून. सासूबाई रोज सकाळी कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर गणपतीसाठी दूर्वा खुडायला जातात. निवडून एकवीसची जुडी देवाला, उरलेलं गवत पिंजऱ्यात. नुसता पिशवीचा आवाज झाला की हा महाभाग अशी शिट्टी मारायचा की द्वारका चौकात ट्रकवाले रुग्णवाहिका आली समजून बाजूला व्हायचे. सासूबाईंच्या पदरी इतक्या वर्षांत इतकं जंगी स्वागत पडलं नव्हतं. मी सून होते, पण सुनेला शिट्टी येत नव्हती. महिन्याभरात 'उंदीर'चा 'मूषकराज' झाला आणि पिंजरा बाल्कनीतून उठून थेट देवघरासमोर आला.

तर त्या सोमवारी दूर्वा समोर आल्या. शिट्टी झाली नाही. त्याने एक काडी तोंडात घेतली, जरा थांबला, परत खाली ठेवली आणि देवघराकडे तोंड करून बसला. पिंजरा देवघरासमोरच असल्यावर तो दुसरीकडे कुठे तोंड करणार, हे माझ्या मनात आलं, पण असले विचार मी मनातच ठेवते.

"बघितलंस?" सासूबाई म्हणाल्या. "देवाच्या आधी दातालासुद्धा लावत नाही. ज्याचं वाहन त्याचा उपास."

मंगळवारी सकाळी वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. सासूबाईंनी बातमी सांगितली आणि काकू तिथेच हात जोडून उभ्या राहिल्या. मग काकूंनी फोन फिरवले. अर्ध्या तासात आमच्या दिवाणखान्यात सगळं भजनी मंडळ, दोन्ही तटांसह. जास्वंद आली, नारळ आला. कुणीतरी म्हणालं, याची हनुवटी ओली दिसते. "तीर्थ घेतलंय," सासूबाई म्हणाल्या. दुसरीने विचारलं, गाल जरा भरल्यासारखा नाही का वाटत? "उपासाचं तेज आहे ते." मी चहा करत होते, म्हणजे अठरा जणींचा उपासाचा आणि दोघींचा बिनसाखरेचा. आणखी एक तास गेला असता तर खाली पार्किंगमध्ये फुलवाला बसला असता आणि चपला सांभाळायला माणूस ठेवावा लागला असता.

तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला. सासूबाईंनी मोठ्या अभिमानाने फोन पिंजऱ्यासमोर धरला. "बघ गं, तुझा मूषकराज. दोन दिवसांचा कडक उपास."

"आजी, फोन जवळ ने," लेक म्हणाली. मग तिकडून जी किंकाळी आली ती थेट शिट्टीच्या खानदानातली होती. "अगं, त्याचा जबडा सुजलाय! लाळ गळतेय! आई, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने त्याला!"

 भजनी मंडळातल्या एकीने हळूच आपला नारळ उचलून पिशवीत टाकला.

आम्ही निघालो. हे गाडी चालवत होते, मागे मी, माझ्या मांडीवर पुठ्ठ्याचा खोका, खोक्यात मूषकराज आणि शेजारी सासूबाई. त्यांनी पर्समध्ये राजगिऱ्याचा लाडू घेतला होता. चंद्रोदय दवाखान्यातच झाला तर त्याचा उपास सोडायला. इंदिरानगरच्या बोगद्यात नेहमीप्रमाणे अडकलो. त्या बोगद्यात माणसं अडकतात तेव्हा तरुण असतात, बाहेर पडतात तेव्हा त्यांची पेन्शन सुरू झालेली असते. एरवी सासूबाई तिथे पुढच्या गाडीवाल्याच्या सात पिढ्या काढतात. त्या दिवशी खोक्यावर हात ठेवून गप्प होत्या. एकदाच म्हणाल्या, "श्वास जोरात चाललाय गं याचा."

गंगापूर रोडचा दवाखाना. बाहेर कुत्र्यांची रांग. सासूबाईंचा चेहरा बघून एका लॅब्राडॉरने उठून जागा दिली. आतली डॉक्टर आमच्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल.

"कधीपासून खात नाही?"

"उपास आहे," सासूबाई म्हणाल्या.

"कुणाचा?"

"त्याचा."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचा कुत्र्यांच्या जंतांचा तक्ता अतिशय लक्षपूर्वक वाचत होते. तो तक्ता मला आजही तोंडपाठ आहे.

तिने कानात बघायची दुर्बीण त्याच्या तोंडात घातली, खालून जबडा चाचपला. तो ओरडलासुद्धा नाही. मग तिने साध्या भाषेत सांगितलं. दाढेच्या मुळाशी गळू झालंय, जबड्यात पू भरलाय. या प्राण्याचं पोट रिकामं राहिलं की आतलं सगळं काम बंद पडतं. माणसासारखं एक दिवस लंघन केलं, बरं वाटलं, असं याचं नसतं. हा खायचा थांबला की मरणाच्या दिशेला लागला.

"म्हणजे," सासूबाईंनी विचारलं, "त्याला भूक लागली होती?"

"लागलीच असणार, आजी. समोरचं दिसत होतं, चावता येत नव्हतं."

सासूबाईंनी पर्स उघडली, लाडवाकडे बघितलं आणि पर्सची चेन लावून टाकली.

डॉक्टर म्हणाली, भूल द्यावी लागेल, दाढ काढून गळू साफ करावं लागेल, आणि एवढ्याशा जिवाला भूल म्हणजे मी खात्री देत नाही. आम्ही हो म्हणालो. तो बाहेर आला तेव्हा गालाला एवढं उघडं भोक, डोळे अर्धे मिटलेले. आत काय निघालं ते तिने कापसावर दाखवलं. यांचा पू पातळ नसतो म्हणे, घट्ट असतो. कसा, ते सांगत नाही. आमच्या घरात तेव्हापासून पनीर येत नाही, एवढं पुरे.

"जखम शिवलेली नाही, आतून भरत आली पाहिजे. दिवसातून दोनदा सलाईनने धुवायची, वर औषध पाजायचं. आणि दर दोन-तीन तासांनी सिरिंजने भरवायचं," डॉक्टर म्हणाली. "पण नुसतं भरवून फार दिवस निघत नाहीत. स्वतःहून खायला लागला तर वाचला. नाही लागला तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. शिकलेली मुलगी होती.

त्या दिवशी चंद्र कधी उगवला, आमच्या घरात कुणी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमचं घर म्हणजे अतिदक्षता विभाग. त्याच्या खाण्याच्या गोळ्या भिजवून वाटायच्या, सिरिंजमध्ये भरायच्या आणि गालाच्या बाजूने आत सोडायच्या. ऐकायला सोपं आहे. पहिल्या दिवशी मी भरवलं तेव्हा थोडं त्याच्या पोटात गेलं, थोडं माझ्या नाकात आणि उरलेलं छताला. संध्याकाळी यांनी पंखा लावला तर घरभर हिरवा पाऊस. यांना ऑफिसात कुणीतरी विचारलं, बागकाम सुरू केलंत का?

"दे इकडे," सासूबाई म्हणाल्या. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी वरच्या फळीवरून ते भांडं काढलं.

त्या भांड्याबद्दल सांगायला हवं. मिक्सरचं ते एक भांडं फक्त उपासाचं आहे. त्यात शेंगदाण्याचं कूट होतं, वरीचं पीठ होतं. कांदा-लसणाचा वारा त्याला लागलेला नाही. मी लग्न होऊन या घरात आले, लेक झाली, ती मोठी होऊन पुण्याला गेली, पण त्या भांड्याला हात लावायची माझी पात्रता अजून सिद्ध व्हायची आहे. मागे एकदा मी त्यात चुकून मिरची फिरवली होती, तर घरात तीन दिवस सुतकासारखं वातावरण. त्या भांड्यात सासूबाईंनी उंदराचं खाणं वाटलं.  तो क्षण मी जपून ठेवला आहे, योग्य वेळी काढीन.

सासूबाई गालाची जखम धुवायच्या, तेव्हा त्यांचा हात हलत नसे. सुईत दोरा ओवायला मला हाका मारणारी ही बाई त्या भोकात सलाईनची नळी बरोबर घालायची. तो लाथा झाडायचा, त्या म्हणायच्या, "झालं रे, झालं, माझ्या राजा." हा सूर मी या घरात प्रथमच ऐकत होते. हेसुद्धा. हे तर दोन दिवस जरा नाराजच होते.

पण तो खाईना. सिरिंजने ढकललेलं गिळायचा, समोर ठेवलेल्याकडे ढुंकून बघायचा नाही. दूर्वा वाळून जायच्या. वजन उतरत चाललं, हातात घेतला की आत नुसते हाडांचे खडे लागायचे. रोज लेकीचा फोन यायचा, "खाल्लं का?" वरच्या काकूंचा यायचा, "मूषकराजांनी उपास सोडला का?" दुसऱ्या फोनवर सासूबाई बोलायच्या नाहीत, माझ्या हातात द्यायच्या.

मग श्रावणातला शेवटचा सोमवार आला. मी सकाळी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर सासूबाई पिंजऱ्यासमोर पाट टाकून बसलेल्या आणि कोथिंबीर खात होत्या. वाटून, निवडून नव्हे. अख्खी जुडी हातात धरून, देठासकट, कचाकचा, म्हशीलाही न्यूनगंड यावा अशी.

"आई," मी म्हणाले, "आज सोमवार."

"गप्प बस. तो बघतोय."

खरंच बघत होता. मी मुकाट्याने आत गेले. थोड्या वेळाने त्यांच्यासाठी पोह्यांची बशी नेऊन ठेवली, तर त्यांनी तीही त्याच्यासमोर संपवली, प्रत्येक घास दाखवून दाखवून. लग्नाआधीपासून चुकवला नव्हता म्हणे तो सोमवार. त्याने काही खाल्लं नाही. सासूबाईंचं पोट मात्र दोन दिवस बिघडलं, आणि मग मला दोन पेशंट झाले.

गणेश चतुर्थीला आमच्याकडे दरवर्षीप्रमाणे सगळी मजल्या-मजल्यांवरची मंडळी जमली. हे सोवळं नेसून पाटावर. चौरंगावर बाप्पा, ताम्हनात एकवीस दूर्वांच्या जुड्या, नेहमीपेक्षा दुप्पट, सासूबाईंनीच पहाटे खुडलेल्या. त्याच्या औषधाची वेळ झाली होती म्हणून त्या मूषकराजाला पदरात घेऊन तिथेच बसल्या होत्या. हातात सिरिंज. गालावरचं भोक एव्हाना डाळीएवढं राहिलं होतं, पण गडी पदरात असल्याचं पदरालाही कळत नव्हतं.

यांनी संकल्प सोडला, मंत्र म्हणायला घेतले, आणि पदरातून एक नाक बाहेर आलं. नाक ताम्हनाकडे गेलं. थांबलं. मग त्याने जुडीतली एक दूर्वा धरली.

मी मनात म्हटलं, आता खाली ठेवेल.

ठेवली नाही. ती काडी शिलाई मशीनखालून कापड सरकावं तशी आत आत जाऊ लागली. कर्र, कर्र, कर्र. यांचे मंत्र थांबले. घंटा धरलेला हात तसाच वर राहिला. दुसरी काडी. तिसरी. मी सासूबाईंकडे बघितलं, तर त्या सिरिंज हातात तशीच धरून छताकडे बघत होत्या, जिथे पहिल्या दिवशीचा हिरवा डाग अजून आहे. डोळे भरले की माणूस वरच बघतो. चौथ्या काडीला त्याने, बारीकशी, फाटक्या आवाजाची का होईना, शिट्टी मारली. द्वारकेपर्यंत नाही गेली. आमच्या दारापर्यंत गेली.

वरच्या काकूंना मात्र राहवेना. "अहो, अजून बाप्पाला वाहिल्या नाहीत त्या! आणि तुम्हीच तर सांगत होतात, देवाच्या आधी दातालासुद्धा लावत नाही म्हणून?"

सासूबाईंनी ताम्हनातली दुसरी जुडी उचलून त्याच्या नाकासमोर ठेवली.

"रिकाम्या पोटी औषध चालत नाही त्याला," त्या म्हणाल्या.