टोपलीखालचं पीठ

तेव्हा घरात मी होते, सून होती, नात होती, अन् साफसफाईच्या कंपनीच्या दोन बाया अन् एक बाप्या. लेक दहाव्याला नदीवर गेला होता. मालक जाऊन त्या दिवशी दहा दिवस झाले होते.

लांब उत्तरेत, झिरकपूरच्या ह्या फ्लॅटमधी मालक आठ महिने अंथरुणावर होते. खोलीला वास बसला होता. सून म्हणाली, "आई, मोबाइलवरनं साफसफाईची माणसं बोलवलीत. तेराव्याला ह्यांच्या ऑफिसचे लोक येतील. गावाकडंही दहाव्याला घर धुतातच की."

खरंच होतं ते. आम्ही जावा-जावा मिळून सारवायचो. मी हो म्हणलं.

मालकांनी जिथं जीव सोडला तिथं मी पीठ पसरलं होतं, वर टोपली पालथी घातली होती, शेजारी दिवा. दहाव्याचं करून लेक आला की टोपली उचलायची. पिठात पाऊल उमटतं, पाखराचं, गाईचं, माणसाचं. जे दिसंल तो त्यांचा पुढचा जन्म. मालकांची वाचा गेलेली, जाताना एक शब्द बोलले नाहीत. म्हणून मला त्या पिठाची आस होती.

औषधाच्या वासानं मला ठसका लागला. नातीनं बाल्कनीत नेऊन बसवलं. टोपलीचं मी कुणाला बोलले नाही. जळत्या दिव्याजवळ कोण हात घालतंय? गावाकडं हे सांगावं लागत नाही.

आत आले तर फरशी ओली. टोपली धुऊन भिंतीला लावलेली. दिवा ओट्यावर, जळतच होता. त्यातली थोरली बाई म्हणाली, "माताजी, टोकरी के नीचे आटा गिरा था, साफ कर दिया. ज्योत मैंने बुझने नहीं दी."

दोन्ही हातांनी उचलून नेला म्हणे. तिला काय बोलायचं? चहा दिला.

सून रडाय लागली. "आई, मला वाटलं तुम्ही सांगितलं असंल."

इकडंच वाढलेली नात म्हणाली, "आजी, दुबारा बना लें?"

तेवढ्यात लेक आला, डोकं भादरलेला. शेजारच्या शहरात, सेक्टर एकोणचाळीसला मोठमोठ्या मशिनींवर काम करतो. मी पीठ पसरलं तेव्हा हसला होता, "आई, उंदीर नाचतील त्यावर." आता चपला काढायच्या आधी म्हणाला, "आई, काय उमटलं?"

सुनेनं मान खाली घातली.

मी म्हणलं, "पाखराचं पाऊल. चिमणीएवढं."

तो दारातच खाली बसला. "बरं झालं गं. आठ महिने कूस बदलता येत नव्हती त्यांना." मग पोटभर जेवला. दहा दिवसांत पहिल्यांदा.

खरं काय उमटलं होतं ते मला कोण सांगणार? बाल्कनीत कबुतरं येतात. मी बघते अन् आत येते. खोलीत आता त्यांचा वासही नाही.

हे जे कोण वाचाल, माझ्या लेकाला सांगू नका.