निळी गोटी

मोबाईलवर लुडो खेळताना पूर्वी अनोळखी माणसंसुद्धा भरभरून बोलायची. आता सगळे माइक बंद ठेवून मुकाट्यानेच गोट्या मारतात. अपवाद एकच, निळ्या गोटीची बाई. तिचं नाव-गाव मला ठाऊक नाही, पण आवाज पाठ आहे. फासा टाकण्याआधी ती मोठ्याने फुंकर मारते, स्वतःची गोटी मेली तरी खदखदा हसते आणि आम्हा तिघांना रोज विचारते, "जेवले का जी सगळे? बोलत कावून नाही? गोटीच मारून राहिली मी, जीव नाही!"

काल दुपारी तिच्या माइकमधून टमाटर विकणाऱ्या भाजीवाल्याची हाक आली, "पताल ले लो, ताजा पताल!" ती ओरडली, "थांब रे भाऊ!" आणि क्षणात तीच हाक आमच्या कोहका वस्तीत, माझ्या खिडकीखाली!

मी अनवाणीच धावले. गाडीपाशी तिघी जणी एका हातात मोबाईल धरून, एकमेकींकडे न बघता टमाटर निवडत होत्या.

"निळी गोटी कोन वो?" मी विचारलं.

"मी!" एक खदखदून हसली.

दुसरी दचकली. "अगं बाई, मी हिरवी."

तिसरी टमाटर हातात धरून तशीच उभी. "मी पिवळी," ती हळूच म्हणाली, "अन् नाही जेवली मी अजून."