बातमी चाळीत टाकणाऱ्या चतुराबाई

चंद्रावर माणूस गेला हे चतुराबाई रद्दीवाल्या मानतच नाहीत, अशी जेलरोडच्या कॉलनीत अफवा होती. कोणी सांगे, त्यांच्यापुढे चंद्राचा विषय काढला की त्या काट्यावरचं वजन उचलून अंगावर येतात. समोरच्या बिल्डिंगमधल्या मंगलाबाई तर छातीठोक सांगत, "अहो, पृथ्वी गोल आहे म्हटलं तर मलाच म्हणाल्या, तुम्ही फिरून आलाय का?"

खरं इतकंच, की चतुराबाई चंद्रावरचा माणूस मानत होत्या. फक्त बावीस वर्षं उशिरा मानत होत्या. १९९१ साली एका रिटायर्ड हेडमास्तरांच्या घरून पेटीभर जुने पेपर रद्दीत आले, त्यात १९६९चा अख्खा पावसाळा होता. चतुराबाईंनी ती जुलैतली बातमी वाचली. मग पुढचे सगळे अंक सप्टेंबरपर्यंत एकेक करून चाळले. कोणी माघार घेतलीय का, 'नजरचुकीने छापले' अशी चौकट कुठे आलीय का, ते पाहिलं. नव्हती. तेव्हा त्यांनी मुलीला हाक मारून सांगितलं, "मीने, गेला बरं का मानूस चंद्रावर." मीनानं ही गंमत चार घरी सांगितली, आणि चौथ्या घरातून बाहेर पडेपर्यंत गोष्टीचं शेपूट डोक्याला लागलं होतं.

चतुराबाई येवल्याकडच्या. माहेरी कांदा. उन्हाळ कांदा काढला की चाळीत भरायचा, म्हणजे बांबूच्या पट्ट्यांच्या, वारा खेळेल अशा लांबट खोपीत. भरताना सगळे कांदे सारखेच लालगुलाबी. पण चार महिने जाऊ द्या. सडका असेल तो वास मारतो, कोंबाचा असेल तो कोंब काढतो, आणि पक्का असेल तो गप पडून राहतो. लग्न होऊन नाशकात आल्या, नवऱ्यामागे रद्दीचं दुकान अंगावर पडलं, आणि ही माहेरची विद्या त्यांनी पेपरला लावली. ताजा पेपर त्या हातात धरत नसत. "कच्चा हाय," म्हणत. सहा महिने, वर्ष उलटून तोच पेपर रद्दीत आला की मात्र चवीनं वाचायच्या. शोधांच्या आणि यंत्रांच्या बातम्या कापून दुकानामागच्या खोलीत तीन गठ्ठ्यांत ठेवलेल्या असत: सडक्या, कोंबाच्या म्हणजे अजून न ठरलेल्या, आणि पक्क्या. त्या खोलीचं नाव चाळ. कॉलनीतही मग तो शब्द रुळला. कोणी काही अचाट सांगायला लागलं की ऐकणारा म्हणे, "बरं, चाळीत टाक."

हे सगळं सर्वांत जास्त कानांत साठवलं असेल तर तेजलनं. वय पंधरा, कॉलनीतल्या यच्चयावत माणसांच्या नकला करणारी. ही तेजल म्हणजेच हे लिहिणारी. पण 'मी, मी' करणाऱ्या बातमीचं वजन कमी भरतं असं चतुराबाईंचं मत असल्यामुळे इथे ती तेजलच राहील. चतुराबाई तिला 'टेप' म्हणायच्या. तेजल त्यांच्यासमोरच त्यांची नक्कल करी: "कंच्या तारखेचा पेपर हाऽऽय?"

"हाऽऽय नाय, हाय," चतुराबाई दुरुस्ती करत. "एवढा लांब लावाया मी काय हरसूलची यष्टी हाय का?"

पाण्यावर चालणारी मोटरसायकल सडक्या गठ्ठ्यात गेली. वर्षभरात तिचा ना धूर दिसला ना आवाज आला. एका मेंढीपासून हुबेहूब दुसरी मेंढी बनवली, ही बातमी मात्र त्यांनी सहा वर्षं कोंबाच्या गठ्ठ्यात ठेवली होती. २००३ साली ती मेंढी मेल्याचं छापून आलं, तेव्हा कुठे उचलून पक्क्यात टाकली.

"मेली तरी पक्की?" तेजलनं विचारलं.

"मेली म्हंजे व्हती. नसलेली मेंढी कशी मरंल?"

२००० सालच्या कॉम्प्युटरच्या घोळाचं तर भांडणच झालं. एक जानेवारीला विमानं पडतील, बँका बंद पडतील, असं वर्षभर छापून आलं आणि एक जानेवारीला काहीच झालं नाही. मंगलाबाई विजयी मुद्रेनं दुकानात आल्या. "टाका सडक्यात! सगळी बोंबाबोंब."

चतुराबाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं. "बाई, पावसाच्या आधी तुम्ही गळके पत्रे बदलले. घरात पानी आलं नाय. मंग पाऊस पडलाच नाय म्हनायचं का?" कॉम्प्युटरवाल्या पोरांनी दोन-दोन वर्षं बसून तारखा दुरुस्त केल्या होत्या, हे त्यांनी आदल्या वर्षीच्या रद्दीत वाचलं होतं. बातमी कोंबाच्या गठ्ठ्यात गेली. मंगलाबाई पायऱ्या उतरताना पुटपुटल्या, "हिला खोटंसुद्धा पटत नाही."

तर अशा या बाईचे डोळे २००४च्या पावसाळ्यात अधू झाले. आधी त्यांना वाटलं, पेपरवाले शाई वाचवतायत. मग दाराशी उभ्या माणसाला त्या आवाजावरून ओळखायला लागल्या. एकदा तेजलनं मंगलाबाईंच्या आवाजात हाक मारली, तर त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. तेजल खो-खो हसली आणि मध्येच थांबली, कारण चतुराबाई हसत नव्हत्या.

मीना त्यांना शहरातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तेजल सोबत होतीच. डॉक्टर कसे बोलतात ते तिला ऐकायचं होतं.

"आजी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. पूर्वी तो पिकेपर्यंत थांबायचे. आता थांबत नाहीत. बारीक छिद्र, टाका नाही, आत भिंग बसवलं की संध्याकाळी घरी."

"पोरीनं वाचून दाखवलंय. मागल्या आठवड्याच्या पेपरात हाय. कच्ची बातमी. चाळीत टाकलीया."

डॉक्टरांनी मान हलवली आणि कार्डावर लिहून घेतलं. "अच्छा, चाळीत राहता. मग चूल, धूर वगैरे असेल घरात?"

तेजलनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. मीनानं कपाळाला हात लावला.

"मी नाय राहत, बातमी राहती," चतुराबाई म्हणाल्या. "ह्ये भिंग टिकतं किती?"

"आयुष्यभर."

"कुनाच्या?"

"म्हणजे?"

"तुमी बिनटाक्याचं कराया लागून वर्सं किती झाली?"

"नऊ."

"मंग नऊ वर्सं टिकतं म्हना. आयुष्यभर कुनी मोजलं?"

डॉक्टर भला माणूस. चिडला नाही, उलट खुर्ची पुढे घेतली. "खरंय, मी मोजलं नाही. पण आजी, तुम्ही बातमी पिकायची वाट बघाल, तोवर मोतीबिंदू पिकून जाईल. मग ऑपरेशन अवघड."

परतीच्या रिक्षात आईला समजावून मीना दमली होती. अडचण मात्र चतुराबाईंना दोघींपेक्षा लवकर कळली होती. बातमी वर्षभर चाळीत ठेवली तर वर्षानं ती वाचायची कुणी? सगळा कारखानाच डोळ्यांवर चाललेला. आणि ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन काही बिघडलं, तर उरलंसुरलं दिसतं तेही गेलं.

तीन दिवस त्या दुकानात बसून वर्तमानपत्रांवरून नुसता हात फिरवायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी तेजलला चाळीत पाठवलं.

"कोंबाच्या गठ्ठ्यात तळाला बघ. सत्त्यान्नवचं साल. डोळ्याच्या शिबिराचं काही हाय का?"

तेजल धुळीनं शिंकत कात्रण घेऊन आली. फोटोत काळा चष्मा घातलेला एक माणूस, खाली ओळ: 'बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेनंतर हरसूल परिसरातील शेतकरी देवराम.' 

"सात वर्सं," चतुराबाई म्हणाल्या. "हा मानूस सात वर्सं चाळीत हाय. चल, बघून येऊ, सडला का पक्का निघाला."

दिवाळीच्या सुट्टीत, बाजाराचा दिवस धरून, दोघी सीबीएस स्टँडवरून हरसूलच्या एसटीत बसल्या. त्र्यंबक सोडल्यावर गाडी डोंगरात वळायला लागली. तेजल एकेका वळणाला कंडक्टरची नक्कल करत होती आणि चतुराबाई पिशवीतलं कात्रण पुन्हा पुन्हा चाचपत होत्या. बाजारात तिसऱ्याच माणसानं देवराम सांगितला. गावाबाहेर, भाताच्या खळ्यावर तो पेंढा रचत होता. सत्तरीचा, काटक. चतुराबाईंनी नमस्काराआधीच कात्रण पुढे केलं.

"ह्ये वाचून दाखवा जरा."

देवराम ओशाळला. "मला वाचाया येत नाय, बाय. आधीबी येत नव्हतं."

सात वर्षांचा पुरावा पहिल्याच परीक्षेत अडकला. तेजलला हसू फुटलं. मग देवरामनं कात्रणातला फोटो पाहिला आणि तो खाली बसला. त्याला कोणी कधी तो दाखवलाच नव्हता. "हा मीच का? डोळंच झाकल्यात माझं," तो म्हणाला, आणि बराच वेळ ते कात्रण लांब धरून, जवळ धरून बघत राहिला.

"दुखतं का कधी? धुरकट होतं?" चतुराबाईंनी विचारलं.

"उजव्याला काय नाय. लय साफ. मधी एकदा जाळी आली होती, तालुक्याला जाऊन एक दिसात साफ करून आनली. डाव्याचं करायचंच राहिलं, त्यानं धुकं दिसतं."

"असं बोलाया कुनीबी बोलंल. दावा." चतुराबाईंनी मान वर केली. "ए टेप, हितं लांब काय हाय?"

"विजेची तार आहे, दोन शेतं सोडून. तिच्यावर होले बसलेत, कबुतरासारखे."

"किती, देवरामभाऊ? डावा झाकून सांगा."

देवरामनं तळहात डाव्या डोळ्यावर ठेवला. "सात."

तेजलनं मोजले. पुन्हा मोजले. तिचे डोळे पंधरा वर्षांचे, चष्मा नाही, आणि शाळेत शेवटच्या बाकावरून फळा वाचणारे. "सहा," ती म्हणाली. "मावशी, सहाच आहेत."

"सात," देवराम म्हणाला.

"पैज?" चतुराबाईंनी हात पुढे केला. तार त्यांना दिसत नव्हती, खांबही दिसत नव्हता. "सात निघाले तर मी टेबलावर चढते, आन् पट्टी सुटून नीट दिसंपर्यंत तू मला रोज पेपर वाचायचा. तुझ्या आवाजात, नकला नाय. सहा निघाले तर बातमी चाळीत. आन् तू पोटभर माझी नक्कल कर."

"पैज!" तेजलनं टाळी दिली. मोजण्यात तिला कोण हरवणार?

देवराम बांधापर्यंत गेला आणि हातांची टाळी वाजवून ओरडला. होले उडाले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. तार मोकळी झाली.

"सहा!" तेजल उडी मारून ओरडली. आणि उडी खाली टेकायच्या आत तिच्या ध्यानात आलं की आपण काय जिंकलोय.

"काय झालं? बोल की पोरी, मला दिसत नाय."

सात म्हणणं सोपं होतं. बाईला कोण सांगणार होतं? देवराम तर सातच म्हणत होता. पण चतुराबाई मान तिरकी करून तिच्या आवाजाकडे कान लावून उभ्या होत्या, जशा काट्याकडे बघायच्या.

"सहा, मावशी," ती म्हणाली. एवढ्या बारीक आवाजात ती आयुष्यात कोणासारखीच बोलली नव्हती.

चतुराबाईंनी कात्रण घडी घालून पिशवीत टाकलं.

"थांब ना, पोरी," बांधावरून देवराम म्हणाला. "खांबापाशी बघ. तार जिला बांधलीय ती चिनी मातीची वाटी हाय ना, तिच्या कडंला."

तेजलनं डोळे बारीक केले. तपकिरी वाटीला चिकटून एक तपकिरी गोळा बसला होता. त्याला टाळी ऐकू आली नव्हती, किंवा आली तरी त्यानं ती चाळीत टाकली असावी. देवरामनं ढेकूळ भिरकावलं. गोळ्याला पंख फुटले आणि तो सावकाश, नाखुशीनं, बाकीच्यांमागे गेला.

"सात!" तेजल किंचाळली. "मावशी, सात! मी हरले! सात आहेत!"

"हरल्यावर एवढं कोन नाचतं?" चतुराबाईंनी पुन्हा कात्रण काढलं आणि चाचपून पेन्सिल पुढे केली. "लिही. पक्की. आजची तारीख टाक. आन् खाली हरनाराची सही कर, न्हाईतर उद्या कॉलनीत सांगशील मीच जिंकले म्हनून."

तेजलनं देवरामच्या काळ्या चष्म्याखाली तारीख घातली, आणि त्याच्याखाली सही केली.