शेवंताला हिरवं नेसवलं नाही

देवापुढे मी रोज बसते. दिवा लावते, नाव घेते, आणि एवढी एक गोष्ट गिळून उठते. ती देवाला सांगितलेली नाही, मुलाला नाही, नातीला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाच्या डोळ्यांत बघून मला हे बोलता आलं नसतं—तेवढी छाती माझी कधीच नव्हती.

अलीकडचं आधी सांगते, ते सोपं आहे. टीव्हीवर तेव्हा रोज तेच चाललं होतं—पुरुषाला पुरुषाशी, बाईला बाईशी लग्न करता यावं म्हणून कोर्टात केस उभी राहिली होती. आमच्या महिला मंडळाची प्रभादेवीला एका देवळाच्या सभागृहात बैठक झाली. मंडळात मी सगळ्यांत म्हातारी. बायका म्हणाल्या, अक्का, तुम्हीच बोला. मी बोलले. चांगली बोलले हो, त्यात खोटं नाही. लग्न हा संस्कार आहे, कुंकू नवऱ्याच्या नावाचं असतं, धर्मात बसत नाही ते कोर्टानं बळंच बसवू नये—असं सगळं. टाळ्या पडल्या. कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं आणि गावभर फिरवलं.

फिरत फिरत ते माझ्या नातीपर्यंत, तन्वीपर्यंत गेलं. दादरला तिचं ऑफिस. तिथून ती तडक घरी आली, चपलाही काढल्या नाहीत. दारातच म्हणाली, "आजी, तू होमोफोबिक आहेस." मला शब्द कळला नाही, तिचा चेहरा कळला. मग मराठीत म्हणाली, "तुझ्या मनात विष आहे गं. आणि त्याला तू धर्म म्हणतेस." मी म्हटलं, "माझी श्रद्धा आहे ती. श्रद्धेला शिव्या द्यायच्या नाहीत." ती आली तशीच गेली. त्यानंतर तिचा फोन नाही. मुलगा म्हणतो, राग उतरला की येईल. मंडळातल्या बायका म्हणतात, आजकालची पोरं अशीच, पण अक्का, तुम्ही धर्म राखलात.

आता गंमत बघा. एक मला बुरसटलेली म्हणते, दुसऱ्या धर्मनिष्ठ म्हणतात. पण माझा त्या बोलण्यावर विश्वास आहे, हे दोन्हीकडच्या धरूनच चालल्यात. विष म्हणणाऱ्या पोरीनंसुद्धा मला माझ्या लायकीपेक्षा जास्तच मान दिला. मी कट्टर असते तर बरं झालं असतं. कट्टर माणूस निदान स्वतः तरी ते पाळतो.

थांबा. नीट सांगायला हवं, आणि नीट सांगायचं तर शेवंतापासून.

लालबागच्या आमच्या चाळीत शेवंता शेजारच्या खोलीत राहायची. मालवणकडची. मिलमधल्या गड्यांची खाणावळ चालवायची. तिच्यासोबत मालन. मालन साताऱ्याकडची, मिलच्या वाइंडिंग खात्यात कामाला. दोघीही बिनलग्नाच्या. मालन मिलच्या पाळीवरून आली की पदर खोचून भाकऱ्या थापायला बसायची, आणि भाकरी गोल येत नाही म्हणून शेवंता तिला सबंध चाळीला ऐकू जाईल अशी बोलायची. चाळीला वाटायचं, एकट्या बायका आहेत, एकमेकींच्या आधारानं राहतात. खोली एक, चूल एक. कुणी त्याच्यापुढे विचार केला नाही. तेव्हा करतही नसत.

मग मिलचा संप झाला. तुम्ही तेव्हाचे असाल तर ठाऊक असेल, नसाल तर सांगून कळणार नाही. भोंगा थांबला आणि घरातले पुरुष दिवसाढवळ्या घरात दिसू लागले. माझा नवरा लूमखात्यात होता. काही महिने गॅलरीत बसून विड्या ओढल्या, मग भिवंडीला यंत्रमागावर जातो म्हणून गेला. आधी यायचा, मग येईनासा झाला. तिकडे दुसरी बाई ठेवली, हे चाळीला माझ्याआधी कळलं. शेवंताची खाणावळही बुडाली, कारण गडी गावाला गेले. पण तिच्या चुलीवर जे काही शिजायचं, त्यातलं माझ्या पोराच्या ताटात पडायचं. माझा मुलगा त्या दिवसांत तिच्या हातचं खाऊन जगला. हे मुद्दाम लिहून ठेवतेय—पुढचं वाचताना तुम्हाला आठवावं म्हणून.

त्याच दिवसांतली एक दुपार. आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. शेवंतानं गळ्यातून एक दोरा वर काढला. काळे मणी होते, पोलक्याच्या आत लपवलेले. मालननं घातलेत, म्हणाली. कुठल्या देवळात, तेही सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही. मी तांदूळ निवडत राहिले. मला घाण वाटली नाही, पाप वाटलं नाही. एवढंच वाटलं, की हिच्या मण्यांना माणूस तरी आहे. आणि हो—पोटात कुठंतरी जळलं. तेही लिहिते.

आता माझं. ते लिहायला हात मागे येतो.

संप मिटला असं कुणी म्हटलं नाही, तो नुसता विरून गेला. त्यानंतर काही वर्षांनी माझा चुलत दीर चाळीत आला. उंबऱ्याच्या आतसुद्धा येईना. म्हणाला, "वहिनी, दादा गेला. झाले पंधरा दिवस. तिकडं तिनंच सगळं केलं." तिनं बांगड्याही फोडल्या, म्हणाला. नवरा माझा आणि बांगड्या तिनं फोडल्या! मी त्याला पाणी दिलं. आणि पाणी देता देता म्हटलं, भावजी, हे इथं कुणाला बोलू नका. माझ्या मुलाच्या गळ्याची शपथ घातली. तोही बिचारा लाजेनं अर्धा झाला होता, मान डोलावून गेला. आता तोही नाही.

मी कुंकू पुसलं नाही.

का? चाळीत नवरा टाकून गेलेली बाईसुद्धा सवाष्णच. तो कुठंही असो, कसाही असो, जिवंत आहे ना, मग तिला मान आहे. तिला हळदीकुंकवाला बोलावतात, सवाष्ण म्हणून जेवायला बोलावतात. संपानंतरच्या त्या वर्षांत सवाष्णीचं आमंत्रण म्हणजे एक पोटभर जेवण, वर ओटीतले तांदूळ. त्या तांदळांचा भात मी पोराला घातलेला आहे. विधवा ठरले असते तर ते दार बंद. पण ही सबब नाही. कारण पुढे पोरगा हाताशी आला, तांदळांची गरज उरली नाही, तरी माझा करंडा भरलेलाच राहिला. मला मानाची चटक लागली होती. नव्या नवरीची ओटी भरायला अक्का, बारशाला पहिली अक्का. आणि चाळीत एखादी सवाष्ण गेली, की तिला शेवटचं नेसवायलाही अक्काच.

नवरा मागे ठेवून जाते ती अहेव जाते, आमच्याकडे तिला भाग्याची म्हणतात. तिला हिरवं लुगडं, हिरवा चुडा, कपाळभर कुंकू, ओटीत खण-नारळ. बायका तिच्या पाया पडतात. ते सगळं मी करायची, माझ्या खोट्या हातांनी.

चाळीत हे एकाच माणसाला माहीत होतं. ज्या संध्याकाळी दीर येऊन गेला, त्या संध्याकाळी मी शेवंताजवळ रडले. तिनं मला मणी दाखवले होते, मी तिला हे दाखवलं. ती म्हणाली, कुंकू तुझा तू लाव, मी कोणाक सांगूचंय नाय. आणि तिनं सांगितलं नाही—निदान मी तसंच समजत होते.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. हॉस्पिटलनं हात टेकले, घरी आणलं. मालन रात्रंदिवस उशाशी. एकदा मालन पाणी भरायला गेली तेव्हा शेवंतानं माझा हात धरला आणि म्हणाली, "अक्का, माका हिरव्यातच धाड गो. मालन जित्ती आसा मा माझी." मालन जिवंत आहे, म्हणजे मी अहेव चालले—एवढा साधा तिचा हिशेब. लुगडं घेऊन ठेवलं होतं तिनं, ट्रंकेत. मी हो म्हटलं. हातात हात घेऊन हो म्हटलं.

ती गेली सकाळची. खाली मसाला कुटायचे डंके चालू होते, मिरचीनं सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी, कोण रडतंय आणि कोण नाही ते कळत नव्हतं. पुरुष खाली तिरडी बांधत होते. खोलीत आम्ही बायका. आंघोळ घातली. कुणीतरी साधं पांढरं पुढे केलं—बिनलग्नाची बाई, तिला काय करायचंय दुसरं? तेव्हा मालननं ट्रंक उघडली. हिरवं लुगडं बाहेर काढलं, माझ्यापुढे धरलं, आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "अक्का, हिला हिरवं नेसवा. म्या अजून जित्ती हाय."

बायका मालनकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. माझा शब्द त्या खोलीत शेवटचा होता. नेसवा म्हटलं असतं तर दोघी-चौघींनी नाकं मुरडली असती, महिनाभर नळावर कुजबुज झाली असती, आणि संपलं असतं. खरंच, एवढंच झालं असतं. पण मला भीती वाटली. आज हिच्या कुंकवाचा प्रश्न निघाला, तर उद्या माझ्या कुंकवाचा निघेल. कुणाचं कुंकू खरं हे बायका एकदा बघायला लागल्या, की कुठं थांबतील?

मी म्हटलं, "हे धर्मात बसत नाही. कुंकू नवऱ्याच्या नावाचं असतं."

प्रभादेवीला टाळ्या पडल्या ना, ते वाक्य हेच. पहिल्यांदा मी ते शेवंताच्या मढ्यावर उभी राहून बोलले होते. एवढ्यावर थांबले नाही. कुणीतरी विचारलं, शेवंताची काही इच्छा होती का? मी म्हटलं, मला तरी नाही काही बोलली. मालन माझ्याकडे बघत राहिली. तोंडाकडे नाही, कपाळाकडे. मग तिनं लुगड्याची घडी घातली आणि बाजूला सरली. शेवंताला मी पांढरं नेसवलं. गळ्यातले मणी निघाले ते मुठीत दाबून मालनच्या हातात दिले—कुणाला दिसू नयेत म्हणून. त्यातही काळजी माझीच.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मालन गावी भावाकडे निघाली. जाताना माझ्या दाराशी आली, काखेत तेच हिरवं लुगडं. म्हणाली, "असू द्या तुमच्यापाशी. तुमच्या कामाला यील." मला वाटलं टोमणा मारते. मी काही बोलणार तोच म्हणाली, "शेवंता माझ्यापासनं काय लपवायची न्हाय, अक्का. पर म्या कुनाला बोलायची न्हाय. काळजी करू नगा."

म्हणजे त्या सकाळी तिला माहीत होतं. भरल्या खोलीत, बायकांच्या देखत, एका वाक्यात ती माझं कपाळ पुसू शकली असती. आणि मग शेवंताला हिरवं नेसवायला तिला कोण अडवणार होतं? तिनं ते वाक्य गिळलं. आपल्या माणसाला पांढऱ्यात जाऊ दिलं आणि माझं कुंकू राखलं. मी तिच्यासाठी काय राखलं? पुढे मालनचं काय झालं मला ठाऊक नाही. विचारलं नाही कधी. विचारता आलं असतं.

चाळ आता नाही, तिथे टॉवर आहे आणि आम्ही बाराव्या मजल्यावर राहतो. नवऱ्याचं कुणी विचारत नाही. या वयात विचारणं वाईट दिसतं. मुलगा बापावर थुंकतो, म्हणून तोही विचारत नाही. त्यानं बापाचं श्राद्ध कधी घातलेलं नाही, कारण त्याचा बाप मेलाय हे मी त्याला सांगितलेलं नाही. तन्वी म्हणते माझ्या मनात विष आहे. आहेच गं. पण तुला वाटतं ते नाही. धर्म मी स्वतःपुरता केव्हाच वाकवला होता. फक्त शेवंतापुढे तो ताठ उभा केला.

ते हिरवं लुगडं माझ्या कपाटात, वरच्या खणात आहे. मी गेले की ते मला नेसवायचं, हे सुनेला मागेच सांगून ठेवलंय. मंडळातल्या बायकाही म्हणतात, अक्का भाग्याच्या. त्या येतील, पाया पडतील.

आज सकाळी आंघोळ करून आरशापुढे उभी राहिले. करंडा उघडला, बोट बुडवलं, कपाळावर टेकवलं. आणि मग हे लिहायला बसले.