मामांची अंघोळ आणि माझं न हलणारं घर

आमचं घर वर्षभर फिरतीवर असतं. सांगवीत, काळ्या रानात बांधलंय. पाटाला पाणी आलं की जमीन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि घर बिचारं तिच्यामागे वरखाली होतं. "काळ्या रानात बांधू नका," असं इंदापूरचे माझे सासरे, म्हणजे मामा, तेव्हाच म्हणाले होते. म्हणूनच बांधलं! (जावयाला स्वतःची अक्कल असते.)

आठ वर्षं मामांनी इथं पाऊल ठेवलं नाही. अखेर येतो म्हणाले, तेव्हा बायकोला, सुरेखाला, आनंद झाला आणि मला घाम फुटला. बाथरूमच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग होती. ती मामांना दिसली असती तर जन्मभर ऐकावं लागलं असतं! मी लगेच बारामतीहून टाइल्स आणल्या.

दिलीप मिस्त्री म्हणाला, "तात्या, दोन टाइल्समधी फट ठिवू. भिंत हालती हितं."

"फट दिसली की मामांना कळेल ना! गच्च बसव."

"निघत्याल."

"माझं घर हलत नाही!"

त्यानं दयेनं माझ्याकडं पाहिलं आणि गच्च बसवल्या.

मामा यायच्या आठवड्यातच पाटाला पाणी आलं. बाथरूमला खेटून माझा ऊस. सुरेखा म्हणाली, "आवं, भिंतीकडच्या सऱ्या कोरड्याच ऱ्हाऊ द्या की!" पण मामांना ऊस हिरवागार दिसायला नको? चार दिवस मनसोक्त पाणी दिलं.

मामा आले. प्रत्येक भिंतीवरून हात फिरवून म्हणाले, "बरं हाय की घर!" माझी छाती फुगली. मग ते अंघोळीला गेले.

आतून आवाज आला, फाड्!

"जावईबापू, टाइल पडली!"

"एखादी पडते, मामा!"

फाड्! फाड्!

"आता रांगच येतीया! दार उघडा!"

दार ढिम्म. चौकट तिरकी झाली होती.

"मामा, आतनं ओढा!"

"ओढतुयाच की! हालत न्हाय!"

"बघा, मी म्हणत होतो, इथं काही हलत नाही," असं माझ्या तोंडून निघून गेलं. सुरेखानं असं पाहिलं, की मी मुकाट्यानं पहार आणली.

दार उचकटलं. आत मामा कमरेला टॉवेल, अंगाला साबण आणि डोक्यावर बादली उपडी घालून बसले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते एवढंच म्हणाले, "सुरेखा, मिस्त्रीला बोलीव. आता मी हुबा ऱ्हातो."

त्यांनी फटी सोडून बसवून घेतलेली एकही टाइल आजवर निघालेली नाही. दार मात्र पाणी आलं की अजून अडकतं. म्हणून मी ते आधीच काढून पडदा लावतो आणि पाहुण्यांना सांगतो, "हवा खेळती राहावी म्हणून!"