कुकडीच्या कपारीतला कीमन

दौंडच्या रेल्वे कॉलनीत चांगदेव कीमनला लोक ओळखायचे ते त्याच्या तोंडामुळं. साहेब असो की शिपाई, चुकला की झापला. रेल्वेत की-मॅन म्हणून पस्तीस वर्षं त्यानं रोज सहा-सहा किलोमीटर रूळ पायी तपासला, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या ढिल्या झाल्या की हातोड्यानं ठोकल्या. बरोबरीचे तिघं गाडीखाली गेले. का गेले? ऐन वेळी पळाले म्हणून. चांगदेव नव्या भरतीला दम देऊन सांगायचा, "गाडी आली की पळायचं न्हाई. बाजूला व्हायचं, पाठ टेकायची आन् शेवटचा डबा जाईस्तवर हलायचं न्हाई."

रिटायर झाल्यावर पोरीनं, मायानं, कॅमेरा घेऊन दिला. ती रांजणगावच्या एका कंपनीत तपासणीच्या कामावर. रविवारी बापलेक स्कूटरवर निघायचे, दिसेल त्याचे फोटो काढायचे. त्या रविवारी केडगाव, न्हावरा, शिरूर करत टाकळी हाजीला आले. तिथं कुकडीनं काळा खडक पोखरून रांजणाएवढे खळगे पाडलेत, आणि मधोमध अरुंद घळ. तळाशी पाणी एवढंसं, चिंधीसारखं.

काठावर म्हस्कू धनगर मेंढरं घेऊन बसला होता.

"पाव्हणं, खाली नका जाऊ. सकाळधरनं मेंढरं पाण्याला तोंड लावंनात."

"मेंढरांना इचारून रूळ तपासले न्हाईत आम्ही."

"पप्पा, मामांशी नीट बोला की."

"नीटच बोलतोय."

म्हस्कूनं तंबाखू मळली. "बोलूंद्या त्यास्नी, ताई. वरनं धरणातनं पाणी सुटलं म्हंजी आमाला कुणी फोन करतंय व्हय? ही मेंढरंच सांगत्यात."

बोर्ड होता एक, गंजलेला. 'धोका' एवढंच वाचता येत होतं. कशाचा, ते पार पुसलेलं. माणूस मेल्यावर पंचनाम्यात दाखवायला असतात असले बोर्ड.

बापलेक उतरले. खाली ऊन पोचत नव्हतं. माया एका खळग्याच्या कडेला उभी राहिली आणि चांगदेव गुडघ्यावर बसून फोटो काढत राहिला. कपारीतल्या पाकोळ्या एकदम बाहेर पडल्या, सगळ्याच्या सगळ्या. त्यानं त्यांचाही फोटो घेतला. मग पाण्यावर पांढरा फेस आला, त्यात उसाचं पाचट. "काय भारी दिसतंय," म्हणून त्याचाही घेतला.

आणि मग पायाखालचा खडक घुमायला लागला.

तो आवाज चांगदेवच्या हाडात मुरलेला होता. भरलेली मालगाडी, वळणापलीकडं, येतीय. इथं कोसोकोस रूळ नाही हे त्याच्या डोक्याला ठाऊक होतं, पण अंगानं डोक्याला विचारलंच नाही. त्यानं मायाचं मनगट पकडलं, तिला कपारीत ओढलं, पाठ टेकवली.

"हलू नको. जाऊ दे तिला."

"कुणाला? पप्पा, पाणी आलंय!"

"पळायचं न्हाई!"

वरून म्हस्कू बोंबलत होता, "वर या! आरं वर या, मुडद्यांनो!" वळणावरून गढूळ पाणी घोंघावत आलं. घोट्याला लागलं, बघता बघता गुडघ्याला. चांगदेव पकड आवळतच गेला. त्याच्या हिशेबानं तो पोरीला वाचवत होता.

मायानं त्याच्या हाताला कडकडून चावा घेतला. पकड सुटली. ती हातापायांनी खडक चढली आणि वरून ओरडली, "पप्पा, ह्याला शेवटचा डबा नाहीये!"

तेव्हा कुठं तो जागा झाला. पाणी कमरेला होतं. पाय उचलला की वाहून जाणार, थांबला की बुडणार. म्हस्कूनं डोईचा पटका सोडून काठीला बांधला, काठी खडकाच्या फटीत आडवी अडकवली आणि पटक्याचं टोक खाली टाकलं. चांगदेवनं ते धरलं. त्यानं आणि मायानं मिळून ओढला. गुडघे फुटले, कॅमेरा गेला, चप्पल गेली. माणूस वर आला.

मग म्हस्कू ओला पटका पिळत म्हणाला, "पाव्हणं, पोरगी चावली म्हून दोघं हायसा."

एरवी असं कुणी ऐकवलं असतं तर चांगदेवनं त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. तो मायाच्या मनगटाकडं बघत होता. त्याची पाचही बोटं तिथं उमटली होती, लाल, एकेक मोजता येईल अशी.

मायानं कुर्त्याची बाही खाली ओढली. "दुखत नाही ओ," ती म्हणाली.

"मी सोडत नव्हतो," चांगदेव म्हणाला.

"माहितीय."

"न्हाई, माया. तू चावल्यावरबी मी सोडत नव्हतो. हात घसरला."

खाली त्यांची कपार दिसेनाशी झाली होती, आणि पाणी अजून चढतच होतं.